भर चौकातली डिपार्टमेंट स्टोअरची इमारत: गुंतवणूक करण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशी इमारत, तिच्यातला हिस्सा किंवा तिच्या भाड्यावर चालणाऱ्या फंडाचं युनिट घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत. पैसे जिथे बुडतात तिथे जास्त लिहिलंय, बाकी ठिकाणी दोन ओळींत आटोपलंय.

इमारत घेतली म्हणजे मी दुकानाचा मालक झालो का?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. दुकान चालवणारी कंपनी वेगळी आणि इमारतीची मालकी वेगळी. एकेकाळी दोन्ही एकाच घराण्याकडे असायचं. आता बहुतेक ठिकाणी फारकत झाली आहे. तुम्ही घेताय त्या दोन वस्तू अशा: एक, भाडेकराराचा कागद, म्हणजे ठरावीक वर्षं ठरावीक भाडं मिळण्याचा हक्क. दुसरी, दगड-विटांची इमारत आणि तिच्याखालची जमीन.

बाजारात या दोन्हींची मिळून एकच किंमत सांगितली जाते. ती सुटी करून बघा. भाडेकरू उद्या निघून गेला तर या रिकाम्या इमारतीला कोण किती देईल? हा आकडा आणि मागितलेली किंमत यांच्यात जेवढं अंतर, तेवढे पैसे तुम्ही केवळ भाडेकरूच्या भरवशावर मोजताय. अंतर असणं चूक नाही. ते किती आहे हे ठाऊक नसणं ही चूक आहे. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच आकड्यापाशी येतील.

दुकान शंभर वर्षं चाललंय. इतका जुना भाडेकरू बुडेल कसा?

वय म्हणजे पत नव्हे. पॅरिसमध्ये आरिस्तिद बुसिको यांनी १८५२ पासून ल बाँ मार्शे वाढवलं. ते आजही उभं आहे. पण कॅनडातली हडसन्स बे कंपनी १६७० ची, म्हणजे साडेतीनशे वर्षं जुनी. तिने मार्च २०२५ मध्ये न्यायालयाकडे धनकोंपासून संरक्षण मागितलं आणि जूनपर्यंत सगळी दुकानं बंद केली. ब्रिटनमधली बीएचएस ही दुकानसाखळी २०१५ मध्ये अवघ्या १ पौंडाला विकली गेली आणि पुढच्याच वर्षी कोसळली.

जुनं नाव असलं की ग्राहकांना जिव्हाळा असतो, हे खरं. जिव्हाळा असलेली माणसं बंद होण्याच्या आदल्या दिवशी फोटो काढायला येतात. खरेदीला येतातच असं नाही.

भाडेकरार २५ वर्षांचा आहे. मग तरी निर्धास्त राहावं ना?

करार किती वर्षांचा यापेक्षा तो कोणी केलाय हे आधी बघा. समूहाच्या मुख्य कंपनीने सही केली आहे, की फक्त त्या एका दुकानासाठी काढलेल्या, मालमत्ता काहीच नसलेल्या उपकंपनीने? मुख्य कंपनीची हमी आहे का, आणि दुकान दुसऱ्याला विकलं तर ती हमी टिकते का? ही दोन कलमं भाड्याच्या आकड्याइतकीच मोलाची आहेत.

दुसरं असं, की बहुतेक देशांच्या दिवाळखोरी कायद्यांत अडचणीतल्या कंपनीला नको असलेले भाडेकरार सोडून देण्याची किंवा भाडं कमी करून घेण्याची वाट असते. म्हणजे २५ वर्षांचा करार हा भाडेकरू तग धरून असेपर्यंतचा करार असतो. जर्मनीतल्या गॅलेरिया कार्स्टाट काउफहोफने २०२०, २०२२ आणि २०२४ अशी तीनदा दिवाळखोरीची प्रक्रिया केली. दर फेरीत कुठली दुकानं ठेवायची, कुठली सोडायची आणि कुणाचं भाडं कमी करून घ्यायचं याच्या वाटाघाटी झाल्या. ज्या मालकांकडे दुसरा भाडेकरू तयार नव्हता त्यांना मिळेल त्यावर समाधान मानावं लागलं.

ब्रिटिश लँड या मालमत्ता कंपनीने २००५ मध्ये डेबनहॅम्स या ब्रिटिश डिपार्टमेंट स्टोअर साखळीच्या २३ इमारती ४९.५ कोटी पौंडांना घेऊन त्यांनाच दीर्घ मुदतीच्या भाड्याने परत दिल्या. कागदावर याहून सुरक्षित काय असणार? २०२१ मध्ये डेबनहॅम्सचं शेवटचं दुकान बंद झालं.

भाडं दरवर्षी वाढणार असं करारात लिहिलंय. हे चांगलंच ना?

भाडेकरूला झेपलं तर. भाडं महागाईच्या निर्देशांकाला बांधलेलं असतं तेव्हा महागाई भडकली की भाडं आपोआप चढतं. विक्री तितकी चढेलच असं नाही. बर्लिनच्या काडेवेचं उदाहरण बघा. १९०७ मध्ये उघडलेलं, पर्यटकांनी गजबजलेलं, नाव जगभर. दुकान चालवणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि मुख्य कारण दिलं ते अवाच्या सवा भाड्याचं. गंमत अशी की भाडं घेणारा सिग्ना समूह स्वतःच नोव्हेंबर २०२३ मध्ये कोसळला होता. चढं भाडं दाखवायचं, त्यावर इमारतीचं मूल्यांकन चढवायचं आणि त्या मूल्यांकनावर कर्ज घ्यायचं ही साखळी व्याजदर शून्याजवळ होते तोवर चालली. पुढे दुकानात भागीदार असलेल्या थायलंडच्या सेंट्रल समूहाने ती इमारत सुमारे १ अब्ज युरोंना घेतली. दुकान वाचलं, कारण जो दुकान चालवत होता तोच जागेचा मालक झाला.

म्हणून चढतं भाडं बघून हुरळून जाऊ नका. बाजारभावापेक्षा फार वर गेलेलं भाडं म्हणजे कराराच्या शेवटी हमखास होणारी घट. विक्रेता मात्र त्याच फुगलेल्या भाड्यावर किंमत लावतो.

भाडेकरूला भाडं झेपतंय की नाही हे बाहेरून कसं कळणार?

बाहेरून कळत नाही. म्हणूनच त्या एका दुकानाचे विक्रीचे आकडे मागा, समूहाचे एकत्रित नकोत. भाडं, कर आणि सेवाशुल्क मिळून विक्रीच्या किती टक्के होतात ते काढा. या धंद्यात नफ्याचा थर पातळ असतो: मजले भरून माल, मजले भरून माणसं, दिवे, वातानुकूलन. चपलांच्या छोट्या दुकानाला जे प्रमाण सहज पेलतं ते इथे गळफास ठरू शकतं.

आकडे देत नसतील तर तेच उत्तर समजा.

आणखी एक गोष्ट विचारा: मजल्यावरचे किती काउंटर दुकानाचे स्वतःचे आणि किती बाहेरच्या ब्रँडचे? सौंदर्यप्रसाधनं, घड्याळं, पर्स यांच्या काउंटरवर माल आणि विक्रेते ब्रँडचे असतात, दुकान कमिशन घेतं. दुकानाची पत घसरल्याची कुजबुज सुरू झाली की हे ब्रँड आपला माल रातोरात हलवतात, कारण गल्ल्यातला आपला पैसा अडकेल ही त्यांना धास्ती असते. भाड्याचा धनादेश परत येण्याच्या कितीतरी आधी तळमजल्यावर रिकामे काउंटर दिसू लागतात. मालकाने महिन्यातून एकदा गिऱ्हाईक म्हणून चक्कर मारावी ती यासाठी.

भाडं विक्रीच्या टक्केवारीत ठरवलं तर?

कल्पना चांगली, कलमं अवघड. ऑनलाइन मागवून दुकानातून नेलेला माल कुणाच्या विक्रीत धरायचा? ऑनलाइन घेतलेली वस्तू ग्राहकाने दुकानात परत केली तर ती वजा करायची का? ती वजा झाली तर आपल्या इमारतीचं भाडं दुसऱ्याच कुणाच्या विक्रीमुळे घटतं. माझं मत विचाराल तर एक ठोस किमान भाडं आणि त्यावर टक्केवारी, हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग.

कंपनी स्वतःची इमारत विकून तिथेच भाड्याने राहणार आहे. हा सौदा कसा?

विक्री करून पुन्हा भाड्याने घेणं, याला सेल अँड लीजबॅक म्हणतात. कंपनीला रोकड मिळते, गुंतवणूकदाराला पहिल्या दिवसापासून भाडेकरू. पहिला प्रश्न हा विचारा की मिळालेली रोकड जाणार कुठे? दुकानाच्या नूतनीकरणात गेली तर तुमचा भाडेकरू बळकट होतो. भागधारकांना लाभांश म्हणून वाटली गेली तर तुम्ही ज्याच्याकडून भाडं घेणार त्यालाच पोखरलं गेलंय. कालपर्यंत ज्या दुकानाला भाडं नव्हतं त्याला आजपासून आहे, आणि विक्री तेवढीच.

अमेरिकेतल्या मर्विन्सची गोष्ट अशीच. २००४ मध्ये गुंतवणूक कंपन्यांनी ती घेतली, जागा वेगळ्या काढल्या, दुकानांवर भाडं बसवलं आणि २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. सिअर्सने २०१५ मध्ये सुमारे २.७ अब्ज डॉलरला २३५ मालमत्ता आणि आणखी ३१ मालमत्तांमधला हिस्सा सेरिटेज या नव्या कंपनीला विकला. सिअर्स २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीत गेली. सेरिटेजचा मूळ बेत वाईट नव्हता: सिअर्स हटेल तसतशी जागा चढ्या भाड्याने दुसऱ्यांना द्यायची. पण जुनं भाडं झपाट्याने आटलं, नवं सुरू व्हायला बांधकाम हवं होतं आणि बांधकामाला पैसे. अखेर २०२२ मध्ये भागधारकांनी मालमत्ता विकून टाकण्याच्या योजनेला मान्यता दिली. त्याच कंपनीला वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २०१८ मध्ये ७ टक्क्यांनी १.६ अब्ज डॉलरचं कर्ज दिलं होतं. त्याच इमारतींवर सावकार आणि भागधारक असे दोघे बसले होते; ताटात आधी सावकाराला वाढलं जातं हे सांगायला नको.

परताव्याचा आकडा कसा वाचायचा?

निव्वळ वार्षिक भाडं भागिले किंमत, याला यील्ड म्हणतात. कुठल्याही चलनात करा. समजा निव्वळ भाडं १०० आहे आणि किंमत २,०००. यील्ड ५ टक्के. तुम्ही ८०० स्वतःचे घातले आणि १,२०० कर्ज काढलं. व्याज ४ टक्के असेल तर ४८ व्याजात जातात, ५२ उरतात. ८०० वर ५२, म्हणजे साडेसहा टक्के. माहितीपत्रकात हाच आकडा मोठ्या अक्षरांत असतो.

आता कर्ज नव्याने घ्यायच्या वेळी व्याज ७ टक्के झालं. ८४ व्याजात गेले, १६ उरले: तुमच्या पैशावर २ टक्के. याच सुमारास बाजार अशा इमारतींकडून ५ ऐवजी ७ टक्के यील्ड मागू लागला. भाड्यात एका पैशाचाही फरक नाही, तरी किंमत झाली साधारण १,४२९. कर्ज १,२०० कायम. तुमचे ८०० चे राहिले २२९. आणि कर्जाचं किमतीशी प्रमाण ६० टक्क्यांवरून ८४ वर गेल्यामुळे बँक जास्तीचे पैसे भरायला सांगणार.

यात भाडेकरूने एकही हप्ता चुकवलेला नाही, हे लक्षात घ्या. तो चुकला तर काय, हे पुढच्या प्रश्नात.

यील्ड जास्त दिसतं म्हणून इमारत स्वस्त, असंही नसतं. १० टक्के यील्ड म्हणजे अनेकदा बाजाराने सांगितलेली बातमी असते: हे भाडं फार दिवस मिळणार नाही.

भाडेकरू गेलाच तर इमारतीचं काय करता येतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, आणि तो खरेदीच्या आधी विचारायचा असतो.

पहिल्या दिवसापासून खर्च तुमचा: विमा (रिकाम्या इमारतीचा महाग), राखण, मालमत्ता कर, गोठू नये किंवा बुरशी येऊ नये इतपत हवा-उष्णता, छताची गळती. उत्पन्न शून्य आणि व्याज चालू. अख्खी इमारत घेणारा नवा डिपार्टमेंट स्टोअरवाला शोधायला निघालात तर तसे उरलेत मोजकेच. म्हणजे तुकडे करणं आलं किंवा वापर बदलणं.

इथे इमारतीचा आकार आडवा येतो. डिपार्टमेंट स्टोअर मुद्दाम खोल बांधलेलं असतं. ग्राहकाला घड्याळ आणि ऊन दोन्ही दिसू नये अशी त्याची रचना. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड साधारण सहा-सात मीटर आत पोचतो. मजला मात्र पन्नास मीटर खोल. घरं किंवा कार्यालयं करायची तर मधोमध चौक कापावा लागतो, आणि चौक कापला की विकण्याजोगं क्षेत्रफळ घटतं. सरकते जिने मध्यभागी, लिफ्ट भलत्याच कोपऱ्यात, संडास वरच्या मजल्यावर एका टोकाला. प्रत्येक घराला पाणी आणि सांडपाण्याची नळी हवी. दुकानाच्या मजल्याला ती कधी लागलीच नव्हती. जमेच्या बाजूला मजल्यांची उंची चांगली असते आणि स्लॅब दुकानाच्या वजनासाठी बांधलेला असल्यामुळे दणकट.

हिशेब उलट्या बाजूने करायचा. समजा काम पूर्ण झाल्यावर सगळं मिळून ३,००० ला जाईल. बांधकाम १,४००, शुल्क आणि कर्जाचं व्याज ४००, विकासकाचा नफा ५००. उरले ७००. रिकाम्या इमारतीला विकासक देईल ती ही रक्कम. वरच्या उदाहरणात तुम्ही मोजले होते २,०००. आकडे माझे, नमुन्याचे; पण हा हिशेब आपल्या इमारतीसाठी एखाद्या वास्तुविशारदाकडून आणि खर्च-तज्ज्ञाकडून करून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नये.

जमलेल्या गोष्टीही आहेत. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरची लॉर्ड अँड टेलरची १९१४ ची इमारत कार्यालयाच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने ८५ कोटी डॉलरला घेतली आणि २०२० मध्ये ॲमेझॉनने सुमारे १ अब्जाला. आता तिथे कार्यालयं आहेत. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरचं डेबनहॅम्स तिथल्या विद्यापीठाने घेतलं. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन गावात हायस्कूलच्या इमारतीत घातक रसायनं सापडली, तेव्हा २०२१ मध्ये शाळा भरली ती मेसीजच्या बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये. मुलं सरकत्या जिन्यावरून वर्गात जायची.

आणि पॅरिसची ला सामारितेन. सुरक्षेच्या कारणावरून २००५ मध्ये बंद, पुन्हा उघडली जून २०२१ मध्ये. सोळा वर्षं. खर्च सुमारे ७५ कोटी युरो. आता तिथे दुकान आहे, पंचतारांकित हॉटेल आहे, कार्यालयं आहेत, परवडणारी घरं आणि पाळणाघरही आहे. काम देखणं झालंय यात वाद नाही. पण मालक एलव्हीएमएच हा चैनीच्या वस्तूंचा बडा समूह होता. सोळा वर्षं एका पैशाच्या भाड्याविना थांबण्याची ताकद तुमच्या फंडात आहे का?

मग सरळ पाडून नवी इमारत का बांधू नये?

परवानगी मिळाली तर. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर मार्बल आर्चजवळचं मार्क्स अँड स्पेन्सर पाडून नवं बांधायचा प्रस्ताव जुलै २०२३ मध्ये मंत्र्यांनी फेटाळला. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये नव्या सरकारने मंजुरी दिली. वादाचा गाभा होता जुन्या इमारतीच्या काँक्रीट-पोलादात आधीच खर्ची पडलेला कार्बन. हा मुद्दा आता बऱ्याच शहरांत नगररचनेच्या टेबलावर येतो. वेळापत्रकात दोन-तीन वर्षं जास्तीची धरा.

इमारत वारसा यादीत आहे. किंमत वाढते की घटते?

दोन्ही. दर्शनी भागाचं आकर्षण भाडेकरू खेचतं, आणि तोच दर्शनी भाग तुमचे हात बांधतो. खिडकीची चौकट बदलायची तर अर्ज, जिना हलवायचा तर अर्ज.

एडिंबराचं जेनर्स आठवतं. दुकान १८३८ चं, आगीनंतर उभारलेली इमारत १८९५ ची. चालवणारी कंपनी २०२१ मध्ये निघाली तेव्हा तिने दर्शनी भागावरची नावाची अक्षरंच उतरवली. शहरात गहजब झाला, महापालिकेने दखल घेतली आणि अक्षरं परत लागली. नाव भाडेकरूचं, पण त्याची अक्षरं संरक्षित इमारतीचा भाग! खरेदीखत वाचताना अशा गोष्टी किरकोळ वाटतात. २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना तिथे पुन्हा आग लागली आणि एका अग्निशमन जवानाचा जीव गेला. जुन्या इमारतीत काम चालू असतानाचा काळ सगळ्यात जोखमीचा. विम्याची कलमं त्या काळासाठी वेगळी असतात, ती वेगळी वाचा.

तपासणीत नेमकं काय बघायचं?

आधी कागद. ही मोठी दुकानं बहुतेकदा शेजारची घरं एकेक करून गिळत वाढलेली असतात. बाहेरून एक इमारत दिसते. जमिनीचे तुकडे पाच असतात, त्यातला एक दुसऱ्याच कुणाच्या मालकीचा आणि दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर. नेमका तोच तुकडा जिन्याखाली निघतो. पट्टा संपायला किती वर्षं आहेत आणि त्याचं भाडं पुढे कसं वाढतं, हे कर्ज देणारी बँक विचारणारच. तुम्ही आधी विचारा. मजले एकाच पातळीत नसतील, मध्येच तीन पायऱ्या चढाव्या लागत असतील, तर समजा की तिथे एकेकाळी भिंत होती.

मग सांगाडा. सोलचं सांपूंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ रोजी काही सेकंदांत कोसळलं आणि ५०२ माणसं गेली. मूळ आराखड्यात नसलेला पाचवा मजला चढवला होता, सरकत्या जिन्यांसाठी खांबांच्या रचनेत फेरफार केला होता आणि छतावर वातानुकूलनाची अवजड यंत्रं ठेवून नंतर ती सरकवली होती. दिवसभर भेगा वाढत होत्या आणि दुकान चालू ठेवलं होतं. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला फक्त ‘इमारत ठीक आहे का’ असं विचारू नका. मूळ नकाशे आणि आजची इमारत यांत काय बदललंय, कुठला खांब कापलाय, छतावर काय आणून ठेवलंय, असं विचारा.

आग तिसरी. ब्रसेल्सच्या लिनोव्हासियाँमध्ये २२ मे १९६७ रोजी अडीचशेहून अधिक लोक मेले. मधोमध उघडा चौक, आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नाही. धूर आणि ज्वाळांना वर जायला आयती वाट मिळाली. उघडे चौक आणि सरकत्या जिन्यांची भोकं हे या इमारतींचं सौंदर्य आणि तीच त्यांची दुखरी जागा. आजच्या नियमांप्रमाणे करायला किती खर्च येईल याचा लेखी अंदाज किमतीतून वजा करायला सांगा.

ॲस्बेस्टॉस, तळघरातलं पाणी, लिफ्टचं वय, ऊर्जा-प्रमाणपत्राची श्रेणी: हे नेहमीचंच, पण नेहमीचं म्हणून सोडू नका.

तळमजल्याचं भाडं चांगलं मिळतं. मग वरचे पाच मजले फुकटच नाहीत का?

तळमजला कमावतो आणि वरच्यांना खाऊ घालतो, खरं आहे. ब्रिटनमध्ये साध्या दुकानांचं मूल्य काढताना रस्त्यापासून ६.१ मीटरचे पट्टे पाडतात आणि आतल्या प्रत्येक पट्ट्याचा दर आधीच्या निम्मा धरतात. डिपार्टमेंट स्टोअरला ही पद्धत सरसकट लागू करत नाहीत, कारण तिथला चौथा मजला जवळजवळ शून्यावर जाईल. पण त्यामागचं शहाणपण तेच. दारापासून दूर गेलं की पैसा पातळ होतो. वरचे मजले मात्र फुकट नाहीत. त्यांना गरम-थंड करावं लागतं, त्यांच्यावर कर असतो, त्यांचे जिने तळमजल्याची सर्वांत महाग जागा खातात. तळमजला पाच दुकानांना वाटून दिलात तर वरच्या मजल्यांचं स्वतंत्र प्रवेशद्वार कुठून काढणार, हा प्रश्न लगेच उभा राहतो.

जागा इतकी मोक्याची आहे. ती कशी वाया जाईल?

जागा वाया जात नाही, वापर जातो. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी १९२९ मध्ये ओसाकाच्या उमेदा स्थानकाला लागून हान्क्यू डिपार्टमेंट स्टोअर काढलं. रेल्वे गिऱ्हाईक आणते, दुकान रेल्वेला प्रवासी देतं. पुढे अनेक रेल्वे कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. आणि तिथेच, टोकियोच्या इकेबुकुरो स्थानकावरच्या सेइबूत ३१ ऑगस्ट २०२३ रोजी कर्मचाऱ्यांनी दिवसभराचा संप केला. दुकान चालवणारी कंपनी विकली जात होती आणि मोक्याच्या जागेचा मोठा भाग इलेक्ट्रॉनिक्स विकणाऱ्या योदोबाशीला जाणार होता. दुसऱ्याच दिवशी विक्री पार पडली. स्थानक तिथेच आहे, गर्दीही. बदललं ते गर्दीला काय विकायचं हे.

म्हणून मोक्याची जागा म्हणजे रस्त्यावरून किती लोक जातात एवढंच मोजू नका. ते कुठून येतात, थांबतात का, संध्याकाळी सातनंतर कोण उरतं, आणि स्थानकाचं दार पलीकडच्या गल्लीत हलवायचा प्रकल्प नगरपालिकेच्या फायलीत आहे का, तेही बघा.

मान्यताप्राप्त मूल्यांकनकर्त्याचा अहवाल पुरेसा नाही का?

अहवाल प्रामाणिक असतो. गृहीतकं तुम्ही वाचायची असतात. न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ ॲव्हेन्यूच्या मुख्य इमारतीचं मूल्य २०१४ मध्ये ३.७ अब्ज डॉलर काढलं गेलं आणि तिच्यावर १.२५ अब्जांचं कर्ज उभं राहिलं. पुढच्या काही वर्षांतच ते मूल्य १.६ अब्जांच्या आसपास काढलं गेलं. इमारत तीच, रस्ता तोच. अशा इमारतीत भाडेकरू आणि मालक एकाच समूहातले असले तर भाडं बाजारात ठरलेलं नसतं, घरातल्या घरात लिहिलेलं असतं. अहवालात ‘रिकाम्या ताब्याचं मूल्य’ वेगळं मागून घ्या. ते द्यायला कुरकुर झाली तर का, ते विचारा.

माझ्याकडे थोडेच पैसे आहेत. फंडातून किंवा हिस्सा घेऊन शिरावं का?

एकाच इमारतीवरचा हिस्सा विकणाऱ्या योजनांपासून मी तरी दूरच राहीन. एकच भाडेकरू, एकच इमारत आणि बाहेर पडायचं दार दुसऱ्या हिस्सेदाराच्या मर्जीवर. शेअर बाजारात नोंदलेल्या रीटमध्ये, म्हणजे इमारतींच्या भाड्यावर चालणाऱ्या गुंतवणूक संस्थेत, निदान आपला हिस्सा विकता येतो, आणि दुकानं, गोदामं, कार्यालयं अशी सरमिसळ असते. किंमत रोज हलते हा त्याचा त्रास. पण न हलणारी किंमत ही स्थिर किंमत नसते, फक्त न मोजलेली असते. ब्रिटनमध्ये रोज पैसे काढू देणाऱ्या अनेक मालमत्ता फंडांनी जुलै २०१६ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२० मध्ये पैसे काढणं थांबवलं होतं. इमारतीचा तिसरा मजला विकून कुणाचे पैसे परत करता येत नाहीत.

कुणाला ही गुंतवणूक खरंच शोभते?

ज्याला कर्ज कमी लागतं, ज्याच्याकडे इमारत बदलण्याचं कसब किंवा ते असलेला भागीदार आहे, आणि जो भाड्याविना काही वर्षं काढू शकतो त्याला. निवृत्तीनंतर दरमहा ठरावीक रक्कम हवी असणाऱ्याला नाही. भाडेकरू असतानाही रिकाम्या इमारतीच्या भावाच्या आसपास मिळत असेल तर मात्र मी पुढची चौकशी नक्की करेन. असे सौदे निघतात, सहसा विक्रेत्याच्या कर्जाची मुदत संपत आलेली असते तेव्हा.

इमारत बघायला कधी जावं?

आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, कुणालाही न सांगता. सरळ सगळ्यात वरच्या मजल्यावर जा आणि जिन्याने उतरत या. कुठला मजला पडदा लावून बंद केलाय, कुठे गादी-पलंग उगाच ऐसपैस मांडून जागा भरलीये, कुठे दिवे अर्धेच लावलेत, ते बघा. मग मागच्या गल्लीत जाऊन माल उतरवायच्या दारापाशी अर्धा तास थांबा. तिथे किती गाड्या येतात हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसतं.